चिंचोक्यांची खिरापत

अमरावती,
श्रावण वद्य ५, शके १७८६

चिरंजीव खुशालराव यास महादेवदादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहे. तिकडे बरे असणारच. अकोल्याच्या कापूसबाजारात सध्या वाईट आहे तरी कोणाचे? अमेरिकेत गोरे आपसात लढतात आणि आमच्याकडे बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे चढतात. चार वर्षांपूर्वी माझ्याकडून अंगरखा मागून नेणारा माझा मावसभाऊ आज मोठा अडत्या आहे, हे मी इथे ज्याला त्याला सांगतो. तो अंगरखा अजून परत आला नाही, हेही सांगतो.

पत्राचे कारण असे. भगवंतरावांनी कापसाच्या तेजीत बांधलेल्या निराधार म्हाताऱ्यांच्या धर्मशाळेला कोजागिरीला वर्ष पुरे होईल. मी इथला कारभारी. मला हुकूम झाला आहे की उत्सव करा, म्हाताऱ्यांना मजा वाटली पाहिजे. मी म्हटले, मजा कशात वाटते ते त्यांनाच विचारू. एकतीस जणांना ओसरीवर बसवून विचारले. नत्थुजी म्हणाले, "आंगनात शंकरपट भरवा. बैलांच्या दोन जोड्या सोडा, झेंडी मी धरतो." नत्थुजींना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. गंगूबाईला रोडगे आणि वांग्याची भाजी हवी, आणि त्या दिवशी कोणी उपदेश करू नये एवढी अट.

मग तुझी माय बोलली. रुख्मिणीमावशी कधी हळू बोलली आहे का? "भुलाबाई बसवू," म्हणाली. लहान पोरींचा खेळ, आणि इथे तर साऱ्या विधवा. मग माणिकबाई एकदम हसली, आणि पाच मिनिटांत सत्तरीच्या बायका ज्वारीच्या धांड्यांचा मांडव कुठे करायचा यावर भांडायला लागल्या. मावशी म्हणते, डब्यात खिरापत लपवायची आणि पाहुण्यांनी डब्याच्या आवाजावरून ओळखायची. ज्याने ओळखली त्याला पहिली मूठ, नाही ओळखली तो हरला.

तुला आठवते का रे? त्या दुष्काळी वर्षी घरात दाणा नव्हता, म्हणून मावशीने पोरींच्या खिरापतीला भाजलेले चिंचोके ठेवले होते. पोरी बिचाऱ्या शेंगा, फुटाणे, खोबरे असे काय काय सांगत होत्या. तू पाच-सहा वर्षांचा. डबा एकदाच खळखळला आणि तू ओरडलास, "चिंचोके!" पाठीत धपाटा बसला तुझ्या. मग पहिली मूठही तुलाच मिळाली.

तू ये. तुझा बंगला झाला का, असे मावशी रोज विचारते. गावाहून तिला परस्पर इथे आणलेस तेव्हा "बंगला होईस्तोवर दोन महिने" म्हणाला होतास. दोन महिन्यांचे वर्ष होत आले. कळावे.

महादेव

*

अकोला,
श्रावण वद्य १३

तीर्थरूप दादांच्या चरणी खुशालरावाचा नमस्कार.

पत्र वाचून फार आनंद झाला. उत्सवाचा सगळा भार माझ्यावर सोडावा. भगवंतरावांना मी वेगळे लिहिले आहे आणि त्यांची संमती आली आहे. एलिचपूरच्या छावणीतला बाजा ठरवला आहे. एक नामांकित हरदास येतील. शोभेचे दारूकाम होईल. प्रत्येकाला एक घोंगडी आणि नवे पांढरे वस्त्र. म्हाताऱ्यांनी ती नेसून अंगणात दोन ओळींत बसावे, म्हणजे पाहुण्यांना नीट दिसतील.

पाहुणे मोठे आहेत. मुंबईचे एक शेटजी आणि त्यांचे अकोल्याचे भागीदार. शेटजींच्या मुलाशी माझ्या लेकीची, सुभद्राची, सोयरीक ठरत आली आहे. तेव्हा भुलाबाई वगैरे मनातून काढा. म्हाताऱ्या विधवांनी फेर धरून पोरींची गाणी म्हणायची? हसू होईल.

धर्मशाळेची नवी ओसरी मी मायच्या नावाने बांधून देत आहे. नावाचा दगड गाडीने पाठवला आहे. गोणपाटात शिवलेला आहे तो तसाच ठेवावा. शेटजींच्या हातूनच उघडायचा आहे.

एक विनंती. मायला कौंडण्यपूरची फार ओढ आहे. तिला उत्सवाच्या चार दिवस आधी तिकडे पाठवावे. गाडी, सोबत, सगळे मी देतो. गर्दीत उगाच तिला त्रास नको.

आपला,
खुशालराव

*

अमरावती,
भाद्रपद शुद्ध ६

चिरंजीव खुशालराव यास आशीर्वाद.

दगड पोचला. चार माणसांनी उतरवला. तू मायच्या नावाने ओसरी बांधतोस हे मी मावशीला सांगितले. सांगायचे नव्हते की काय ते तू लिहिले नव्हतेस. ती उठून दगडापाशी गेली, गोणपाटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मायं नाव? एवढ्या मोठ्या दगडावर?" तेव्हापासून जो येईल त्याला तिथे नेते. काल दूध घालायला आलेल्या गवळ्यालाही दाखवला. आत काय आहे ते दिसत नाही, तरी दाखवते. खुशाल, मी तुझ्याविषयी मनात बरेच वाईट आणले होते. ते त्या दिवशी सगळे धुऊन निघाले.

आता रागाचे बोलतो. म्हाताऱ्यांना दोन ओळींत बसवायला त्या काय तुझ्या बंगल्यापुढच्या कुंड्या आहेत? मजा त्यांची करायची की तुझ्या पाहुण्यांची? हरदासाचे नाव काढताच गंगूबाईने तोंड फिरवले. तुझ्या बाजाला माझी ना नाही. बाजाही वाजेल आणि भुलाबाईही बसेल. गाणी रोज नवीन होताहेत. पोरींच्या गाण्यांत सासरचे गाऱ्हाणे असते. यांना सासरचे आता काही आठवत नाही, म्हणून लेकांचे घातले आहे. माणिकबाईचे एक ऐक:

लेकाच्या घराले काचेचं दार,
मायची पथारी दाराच्या बाहेर.

ती हसत म्हणते. मला हसू येत नाही.

आणि ते कौंडण्यपूरचे काय डोक्यात घेतलेस? जिच्या नावाचा दगड उघडायचा तीच त्या दिवशी गावात नको? तिथली जत्रा कार्तिकात. मावशीला विचारले तर म्हणाली, "मी काहून जाऊ? माया लेक इथं येऊन राहिला." ती कुठे जाणार नाही. तू येशील तेव्हा हात धरून तिला पुढे बसव. तुझ्याकडून मला दुसरे काही नको.

महादेव

*

अकोला,
भाद्रपद शुद्ध १३

तीर्थरूप दादांस नमस्कार.

घाईत लिहितो. मायला काहीही करून पाठवाच. तीर्थाला म्हणा, वैद्याला दाखवायला म्हणा, काहीही सांगा. दगड कोणी उघडू नये. कारण विचारू नये. आजवर तुमच्याजवळ फारसे काही मागितले नाही, एवढे करावे.

खुशालराव

*

अमरावती,
भाद्रपद वद्य ५

खुशालराव,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

एकदा "तसाच ठेवावा", एकदा "उघडू नये" असे लिहिलेस, म्हणून मी उघडला. सुई-दोरा जवळ ठेवला होता, पाहून पुन्हा शिवून टाकू म्हणून. पहिलाच शब्द वाचला आणि सुई कुठे पडली ते कळले नाही.

"कैलासवासी मातोश्री रुख्मिणीबाई यांचे स्मरणार्थ."

अरे, जिवंत आहे ती. सकाळी तिने माझ्याशी मिठावरून भांडण केले. दुपारी शेण आणून भुलाबाईची जागा सारवली. तू तिला मारून टाकलेस, आणि वर तिचा दगड तिच्याच दारात आणून टाकलास. पितृपक्ष चालू आहे. श्राद्धही घालतोस का? ब्राह्मणांना काय वाढलेस? अकोल्याच्या लोकांपुढे दोन आसवे तरी गाळलीस की तेवढीही गरज पडली नाही?

पुढे ऐक. मी दगडापुढे बसलो असताना मावशी आली. "उघडला व्हय? वाच." मी शब्दांखाली बोट फिरवत वाचले, "मातोश्री रुख्मिणीबाई." तेवढेच वाचून थांबलो. ती खूश झाली. मग माझ्या बोटाकडे पाहून म्हणाली, "तू बोट तं याच्या आंधी ठेवलं होतं. थ्या शब्दावर काय हाय?" मी म्हटले, काही नाही, देवाचे नाव. "कोन्या देवाचं?" तिला अक्षर येत नाही, पण ती वेडी नाही. गावातल्या पाटलांच्या समाधीच्या छत्रीवरचा दगड तिने पाहिला आहे, आणि त्यावर पहिला शब्द कोणता असतो तेही तिला माहीत आहे. "मेली म्हनून लिवलं का?" असे तिने मला सरळ विचारले. मला खोटे बोलता आले नाही. ती जाऊन चुलीपाशी बसली. त्या दिवशी जेवली नाही. नत्थुजींनी विचारले काय झाले, तर "दात दुखून राहिला" म्हणाली. तिच्या तोंडात चार दात आहेत.

आता माझे ऐक. तू इथे ये, आपल्या हाताने तो शब्द खरवडून काढ, आणि पाहुण्यांसमोर तिला माय म्हण. नाही तर तुझ्या शेटजींच्या समोर मी उभा राहून सांगेन की कैलासवासी बाई ती पाहा, रोडगे भाजते आहे. मला भगवंतरावांची भीती नाही आणि तुझी तर मुळीच नाही.

महादेव

*

अकोला,
भाद्रपद वद्य ११

तीर्थरूप दादा,

तुमच्या पायांवर डोके ठेवतो. पत्र वाचून जाळून टाका.

पहिल्यांदा मुंबईला कापूस घेऊन गेलो तेव्हा शेटजींनी घरी जेवायला बोलावले. त्यांची आई समोर बसून आग्रह करत होती. तिने विचारले, तुमच्या मातोश्री काय करतात? मी काय सांगणार होतो? दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते, दातांना गुडाखू लावते, चारचौघांत शिव्या देते? तोंडातून निघून गेले, त्या नाहीत. वाटले, एवढ्यापुरते. ते लोक फार हळहळले. मग दर खेपेला हळहळले. आता सोयरीक तेच करू पाहत आहेत. ओसरी आणि दगड ही कल्पनाही शेटजींचीच आहे. मी नाही कसे म्हणू?

खोटे उघडे पडले तर सुभद्राचे लग्न मोडेल. मग त्या पोरीला कोण करून घेईल? तिने काही केलेले नाही. मायला एवढेच सांगा. भुलाबाई करा, काय हवे ते करा, मी आडवा येत नाही. फक्त त्या दिवशी ती मला ओळख दाखवणार नाही एवढे तिच्याकडून कबूल करून घ्या.

खुशाल

*

अकोला,
आश्विन वद्य ३

तीर्थरूप दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

तुमचे उत्तर आले नव्हते, म्हणून अमरावतीत पाय ठेवेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. सगळे निर्विघ्न पार पडले, हे तुमचे उपकार. दगड उघडताना तुम्ही खांबाला टेकून उभे होतात. आता बोलाल, मग बोलाल, असे वाटत होते. बोलला नाहीत.

भुलाबाईविषयी मी चुकलो. शेटजींना सगळ्यांत जास्त तीच आवडली. बाजा सुरू झाला तेव्हा नत्थुजी कानांवर हात ठेवून बसले होते आणि हरदासांना गंगूबाईने दोनदा "आटपा" म्हटले. पण त्या एकवीस म्हाताऱ्यांनी फेर धरला तेव्हा पाहुणे उठून उभे राहिले. एकीची काठी सुटली तर दुसरीने धरली, आणि गाणे कुठे तुटले नाही.

मग माय डबा घेऊन सरळ माझ्यापुढे आली. मला वाटले, संपले सगळे. तिने डबा वर धरून हलवला. "वयखा पाव्हने." शेटजी हसून म्हणाले, बोला रावसाहेब, तुमच्या वऱ्हाडचा खेळ आहे. मी म्हणालो, "मोती." सगळे हसले. कापसाच्या दिवसांत मोतीच असायचे, असे कोणीतरी म्हणाले. मायने झाकण उघडले नाही. डबा पदराखाली घेतला, "हरले पाव्हने" म्हणाली, आणि गेली. एक अक्षर जास्त बोलली नाही.

किती समजूतदार आहे दादा आपली माय. तिने मला माफ केले. तुम्हाला खरे सांगतो, ते तिला सांगा, तिला बरे वाटेल. मी ओळखले होते. पहिल्याच खळखळीत ओळखले होते.

सोयरीक पक्की झाली. लग्न मार्गशीर्षात. मायसाठी एक भारी लुगडे पाठवले आहे. लग्नाची गडबड सरली की तिला इकडे घेऊन येईन. बंगल्याच्या मागे एक खोली आहे, उजेड चांगला येतो. लोकांना दूरची आत्या म्हणून सांगता येईल.

आपला,
खुशालराव

*

अमरावती,
आश्विन वद्य ११

खुशालराव,

मी बोललो नाही ते तुझ्यासाठी नव्हे. मावशीने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली होती. "पोरीचं लगन मोडू नको. थिनं काय केलं?" एवढेच म्हणाली. त्या खांबाला मी टेकलो नव्हतो. धरून उभा होतो.

उत्सव झाल्यावर तिने मला विचारले, "त्यानं वयखलं का रे?" मी म्हटले, मोती म्हणाला म्हणजे नसेल ओळखले. तिने मान हलवली. "इसरला असंन. लय वर्सं झाली. लहान होता." दुसऱ्या दिवशीपासून ती जेवायला लागली. मिठावरून भांडलीही. मला वाटले, चला, विसरला म्हणून तरी तिच्या मनात तुला जागा राहिली.

मग तुझे पत्र आले. "तिला सांगा, तिला बरे वाटेल." मी मूर्खासारखे वाचून दाखवले. पहिल्याच खळखळीत ओळखले, तिथे तिने मला थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. दूरच्या आत्याचे तिने ऐकलेही नाही बहुधा. शेवटी म्हणाली, "इसरला असता तं बरं होतं."

लुगडे परत पाठवतो आहे. तुझा माझा पत्रव्यवहार इथे संपला. भगवंतरावांना मी सगळे सांगितले आहे. सुभद्राचे लग्न होईपर्यंत ते तोंड उघडणार नाहीत, ते मावशीकडे पाहून. पुढचे मावशीचे शब्द आहेत. ती सांगते तसे लिहिले आहे, माझे एक अक्षर नाही.

महादेव

खुशाल, मी सांगून राहिली अन् महादेव लिहून राहिला. हे पत्र तू सोता वाचजो, कारकुनाले देऊ नको.

मी मेली ते मले उशिरा कयलं. आंधी सांगतलं असतं तं मी तेरवीले जेवाले आली असती. तेरवी केलीच नाई म्हन्ते महादेव. मेलेल्या मायले एक पंगत बी नाई वाढली तू.

कापूस वेचत होती ते खरं हाय. त्याची तुले लाज वाटते. पन तू कापूस इकूनच मोठा झाला ना? थो कोनी वेचला? वावरात वेचनाऱ्या बाया नसत्या तं तू काय इकलं असतं?

लुगडं वापस धाडलं. मेलेल्या बाईले लुगडं कशाले? तुया खोलीचा उजेड तूच ठेव. मले इथं गंगूबाई हाय, नत्थुजी हाय. पुढच्या साली शंकरपट करून राहिलो आमी.

सुभद्राले मायं काई सांगू नको. तिले बी मी मेलीच म्हनून सांगतलं असशीन, पोरगी भेऊन जाईन. पन लगनाच्या दिवशी तिले दही-साखर हातावर देजो. मी देल्ली असती.

थो दगड चांगला हाय, काया, घट्ट. भगवंतरावाले इचारून ओसरीच्या भिंतीतून काढून घेतला. वडारीन आली होती छिन्नीनं पाटे टाचाले, थिले तो बी टाचाले सांगतला. वरचा शब्द गेला, मायं नाव गेलं, खाली तुयं नाव होतं ते बी गेलं. आता त्याच्यावर आमी एकतीस जनाची चटनी वाटतो.

हरलेल्याले खिरापत द्याची रीत नाई, म्हनून चिंचोके नाई धाडले. लसन-मिरचीची चटनी धाडून राहिली, तेल घालून, लगनापर्यंत टिकंन. त्याच दगडावर वाटली. तिखट हाय. तुया याह्याले, त्या शेटजीले, पंगतीत वाढजो. चव पाहून ते इचारतीन, कोनं वाटली म्हनून. तवा सांगजो त्याईले, काय सांगाचं ते.